स्पष्टवक्ते वाचक

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकांची नावे असतात, ग्रंथांची असतात, मासिकांची आणि छापखान्यांचीही असतात. वाचकांची नावे मात्र त्यात सहसा आढळत नाहीत. पुस्तक विकत घेतले अथवा वाचनालयातून आणले, आवडले तर शेजाऱ्याला सांगितले, न आवडले तर मुकाट्याने परत केले, एवढ्यावर वाचकाचे काम संपते अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मराठी कादंबरीच्या अगदी आरंभकाळी असे काही वाचक होऊन गेले, की ज्यांनी आपली नाराजी पोटात ठेवली नाही. ती त्यांनी कारणांसह लिहिली व छापून लोकांपुढे ठेवली. १८७२ पासून १८८५ पर्यंतच्या अवघ्या १३ वर्षांतील हा वृत्तांत आहे. त्या काळी कोणती पुस्तके वाचली जात होती हे तर त्यावरून कळतेच. शिवाय कोणती पुस्तके अजून लिहिलीच गेली नव्हती, हेही कळते.

मराठी कादंबरीचा आरंभ १८५७ पासून धरण्याची रीत आहे. त्या वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. पदमनजी बेळगावचे. १८३१ मध्ये त्यांचा जन्म तेथे झाला आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षाही त्यांनी तेथेच घेतली. त्यांच्या पुस्तकात यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात. वाटेत त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या हकिगती ऐकावयास मिळतात, आणि पुढे खुद्द यमुनेवरच वैधव्य ओढवते. केशवपनाची दहशत आणि घरच्याच माणसांनी मांडलेला छळ यांचे त्यातील चित्र त्या काळच्या कोणत्याही वाड्यातून उचलून आणावे इतके खरे आहे. परंतु पुस्तकाचा दोषही तितकाच उघड आहे. गोष्ट रंगात येते न येते तोच उपदेशक पुढे सरसावतो, संवादाचे प्रवचन होते, आणि यमुनेच्या दुःखाची सांगता धर्मांतराने व पुनर्विवाहाने होते. लेखकाला जे सांगावयाचे होते ते त्याने पात्रांना बोलू न देता स्वतःच सांगितले. पुढच्या कादंबरीकारांनी हा उपदेश टाकून दिला ते योग्यच झाले. पण उपदेशाबरोबर त्यांनी घराघरातील ती विधवाही टाकून दिली.

१८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली आणि ती लोकप्रिय झाली. सद्गुणी नायिका, दुष्टांची कारस्थाने, ताटातूट, संकटांची मालिका आणि शेवटी सुखाचे मीलन, असा तिचा घाट आहे. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. तिच्यात तर राजपुत्र आहे, अप्रतिम लावण्यवती आहे आणि आकाशातून फिरणारे विमानही आहे. या कादंबरीला रिसबुडांनी जोडलेली प्रस्तावना कादंबरीहून अधिक लक्षात राहण्यासारखी आहे. आपल्या लोकांच्या आयुष्यात विवाहाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे मन वेधून घेण्यासारखे काही घडतच नाही. रोजच्या अनुभवातील गोष्टी लिहिल्या तर त्यात चमत्कृती उरणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचाच आश्रय केला पाहिजे, असे त्यांनी तीत स्पष्ट सांगून टाकले आहे.

या प्रस्तावनेचा प्रामाणिकपणा नाकारता येणार नाही. ज्या समाजात आठव्या-नवव्या वर्षी मुलीचे लग्न लागते, जेथे वधूवरांनी एकमेकांना पाहिलेले नसते, तेथे प्रेमकथा कोठून आणावी, ही अडचण खरी होती. शिवाय दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून थकलेल्या वाचकाला घटकाभर विमानातून हिंडावेसे वाटले, तर त्यात त्याचा अपराध काय? पण रिसबुडांच्या बोलण्याचा एक अर्थ असाही होतो, की आपल्या माणसांचे जीवन पुस्तकात घालण्याच्या लायकीचे नाही. पुढची काही वर्षे निरनिराळ्या वाचकांनी जे लिहिले, ते जणू या एका विधानाला दिलेले उत्तर आहे.

पहिले उत्तर चारच वर्षांत आले. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ‘कादंबरी’ हे नाव तेव्हा पुरते रुळले नव्हते. इंग्रजीतून आलेला ‘नावल’ हाच शब्द पुष्कळांच्या तोंडी असे. मराठे यांची तक्रार एका सुशिक्षित, समंजस वाचकाची आहे. पुस्तकात जे घडते ते घडण्याजोगे असावे, पात्रे ओळखीच्या माणसांसारखी वागावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या वेळच्या मराठी पुस्तकांत ती त्यांना पुरी झालेली दिसली नाही. विमान उडाले याबद्दल त्यांना विशेष वाटले नसावे. विमानात बसणाऱ्या माणसाला मनुष्यस्वभाव नाही, ही त्यांची खंत होती.

यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८७४ च्या जानेवारीत, विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. ग्रंथांवर टीका होणे हे ग्रंथकाराचेही हिताचे आहे, भिडेखातर केलेली स्तुती ही भाषेची हानी आहे, ही गोष्ट शास्त्रीबुवांनी मराठी वाचकाच्या मनावर बिंबविली. पुस्तक मोठ्या माणसाचे आहे, सरकारी खात्याने छापले आहे अथवा पाद्रीसाहेबांनी वाखाणले आहे, म्हणून ते चांगले ठरत नाही, हे निर्भयपणे सांगण्याचे बळ त्यांनी दिले. हे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्या तराजूचे एक पारडे पहिल्यापासूनच कललेले होते. ‘गुलामगिरी’कार जोतीराव फुले यांचे लेखन समोर आले तेव्हा या चोखंदळ वाचकाची नजर व्याकरणाच्या चुकांवर आणि गावठी भाषेवर खिळून राहिली. त्या लेखनात काय म्हटले आहे, कोणाची व्यथा बोलते आहे, याचा विचार थट्टेच्या भरात राहून गेला. मत स्पष्ट असले म्हणजे ते न्याय्यही असतेच असे नाही, याचे हे उदाहरण आहे.

या सर्वांत अनपेक्षित असे उत्तर आले ते वऱ्हाडातील बुलढाण्याहून, आणि तेही एका स्त्रीकडून. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटेसे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे, लेखिका ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. मराठा घराण्यातील गोषाच्या रिवाजात वाढलेल्या या मुलीला त्यांनी लिहावयास-वाचावयास शिकविले, आणि ती पुस्तके वाचीत गेली.

पुस्तकाला निमित्त झाले एका खटल्याचे. १८८१ मध्ये गुजरातेत, सुरतेच्या बाजूला, विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून जे लिहून येऊ लागले, त्यात ‘पुणेवैभव’ पत्राने एकंदर स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या संतापाने. विधवेला पुनर्विवाहाची बंदी करणारे पुरुष, तिला फसविणारे पुरुष, आणि मग तिला दोष देणारेही पुरुषच. तर मग साहस, कपट, दुराचार हे दुर्गुण एकट्या स्त्रीचे कसे, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

हे सारे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. परंतु ताराबाईंच्या पुस्तकाची एक बाजू त्या मानाने कमी पाहिली जाते. ते पुस्तक एका वाचकाने केलेला पुस्तकांचा जमाखर्च आहे. स्त्रीविषयीच्या या वाईट समजुती आल्या कोठून, याचा शोध घेताना ताराबाई थेट छापील पुस्तकांकडे बोट दाखवितात. बायकांच्या कपटाच्या गोष्टी सांगणारे ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशी नावे घेऊन त्या ग्रंथकारांना जाब विचारतात. ज्या पुस्तकांनी इतर वाचकांची घटकाभर करमणूक केली, त्यांनी या वाचकाला चीड आणली. या पुस्तकांतील बाई एक तर कपटाची पुतळी असते, नाही तर अशक्य सद्गुणांची मूर्ती असते. जात्यावर बसणारी, सासरी राबणारी, नवऱ्याचे बोलणे खाणारी हाडामांसाची बाई तिच्यात कोठेच नसते, असा त्यांच्या तक्रारीचा रोख आहे.

पुराणकथाही त्यांनी त्याच दृष्टीने वाचल्या. नवऱ्याचे प्राण परत आणण्यासाठी सावित्री यमाच्या मागे गेली, ही कथा प्रत्येक मुलीला ऐकविली जाते. ताराबाई विचारतात, की बायकोचे प्राण परत मागण्यासाठी कोणी पुरुष असा यमाच्या दारी गेल्याचे ऐकिवात आहे काय? शेकडो वर्षे कीर्तनातून ऐकलेल्या कथेला हा प्रश्न त्या आधी कोणी छापील मराठीत इतक्या रोखठोकपणे विचारला नसावा. ग्रंथ पूज्य असला तरी वाचकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, हे येथे एका घरात कोंडलेल्या स्त्रीने करून दाखविले.

ताराबाईंचे पुस्तक निर्दोष आहे असे नाही. त्यात क्रम थोडा आहे, विषय एकातून दुसऱ्यात घसरतो, रागाच्या भरात शब्द तिखट होतात, आणि स्वतःच्या काळातील काही समजुतींतून लेखिकाही पूर्णपणे सुटलेली नाही. आपले हे पहिलेच लिहिणे आहे, भाषा ओबडधोबड आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटलेही आहे. परंतु त्या भाषेला बोलण्याची धार आहे. म्हणी आहेत, टोमणे आहेत, विहिरीवर अथवा माजघरात दोन बायकांनी मन मोकळे करावे तसा सूर आहे. मराठे यांनी जी स्वाभाविकता कादंबरीत शोधली आणि त्यांना सापडली नाही, ती या कादंबरी नसलेल्या पुस्तकात आयतीच उतरली आहे.

अशा स्पष्टपणाची किंमतही द्यावी लागते. पुस्तकाचे स्वागत झाले ते उपहासाने. स्वकीयांतही त्याला नाके मुरडणारे निघाले. तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू जाहीरपणे घेतली. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ५०० प्रतींचे ते पुस्तक हळूहळू दिसेनासे झाले.

जोतीरावांनी त्यांची बाजू घ्यावी, हे स्वाभाविकच होते. पुस्तकांच्या बाबतीत त्यांचा स्वतःचा अनुभव कडू होता. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले होते. ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी नेमलेल्या त्या कमिटीने ते नाकारले, आणि त्याचे कारण कमिटीतील भट सभासद होत, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले. अडाणी कुणब्याला धर्माच्या नावावर कसे लुबाडले जाते, हे दाखविणारे ते नाटक होते. रिसबुडांना जे जीवन नीरस वाटले, त्यातलेच हे एक जिवंत नाट्य त्यांच्या प्रस्तावनेच्या १३ वर्षे आधीच लिहून तयार होते. परंतु ते छापले गेले १९७९ मध्ये.

१८८५ च्या मे महिन्यात पुण्यास मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली १८७८ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती, आणि साहित्य संमेलनांची परंपरा तेथूनच मोजली जाते. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण रानडे यांनी जोतीरावांना पाठविले. जोतीरावांनी येण्याचे नाकारले व नकाराची कारणे पत्राने कळविली. १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती पत्राने ते पत्र १८८५ च्या जूनमध्ये छापले. पत्राचा आशय असा, की जे लोक इतरांचे मनुष्यपणाचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखांचा पत्ता लागणार नाही. त्यांच्या व आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही. आमचे काय ते आम्हीच विचार करून लिहू.

या पत्राकडे बहुधा सामाजिक भांडण म्हणून पाहिले जाते. परंतु ते एका वाचकाचेही पत्र आहे. मराठीत इतके ग्रंथ निघाले, त्यांत नांगर धरणारा कोठे आहे, मोट हाकणारा कोठे आहे, गावकुसाबाहेरचा कोठे आहे, असा त्या पत्राच्या पोटात दडलेला प्रश्न आहे. भाषा कठोर आहे हे खरे. सभा बोलावणाऱ्या रानड्यांचा हेतू चांगला होता हेही खरे. पण सभेतील ग्रंथकारांजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे सर्वांत खरे.

मराठे, ताराबाई आणि जोतीराव यांची नाराजी एकत्र ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मराठे म्हणतात, या पुस्तकांत माणसे नाहीत. ताराबाई म्हणतात, यांत आम्ही बायका नाही. जोतीराव म्हणतात, यांत कष्ट करणारे नाहीत. रिसबुडांनी ज्या जीवनाला पुस्तकात स्थान नाकारले, त्याच जीवनाच्या वतीने हे तिघे बोलत होते. त्यांच्या नापसंतीत पुढच्या पुस्तकांची मागणी होती, आणि ती पुरी व्हावयास कमीअधिक काळ लागला.

सर्वांत लवकर पुरी झाली ती पहिली. १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. तिची कथा यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगते. बालपण, सासर, नवऱ्याचा लाभलेला स्नेह, अकाली वैधव्य आणि बळजबरीचे केशवपन, एवढेच तिचे विश्व. विमान नाही, राजपुत्र नाही, एखादा चमत्कार नाही. तरीही आठवड्यामागून आठवडे लोकांनी ती वाचली, आणि आजही ती वाचताना डोळे पाणावतात. जेथे मन वेधण्यासारखे काही घडत नाही असे रिसबूड म्हणाले, त्याच माजघरात हरिभाऊंना मराठीतील एक श्रेष्ठ कादंबरी सापडली. ‘यमुनापर्यटना’तील यमुना या यमूची थोरली बहीण शोभेल, फरक इतकाच, की धाकटीला तिच्या लेखकाने स्वतः बोलू दिले.

म्हणून अद्भुताचा पक्ष संपला असे मात्र नव्हे. १९०२ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात त्याची बाजू हिरिरीने मांडली. रोजच्या जीवनाची नक्कल म्हणजेच कला नव्हे, हा त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. रुचीच्या प्रांतात शेवटचा निकाल कधी लागत नाही, लागूही नये.

ताराबाईंची मागणी पुरी होण्यास अधिक अवधी लागला. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा एका साध्या मराठी स्त्रीचे घरगुती जीवन, रडणे, हसणे, नवऱ्याशी भांडणे आणि त्याच्यावर माया करणे, हे सारे तिच्याच शब्दांत वाचावयास मिळाले. औपचारिक शिक्षण नसलेल्या लेखणीतून उतरलेले हे पुस्तक मराठीचे भूषण ठरले. जोतीरावांना तर त्याहूनही जास्त वाट पाहावी लागली असती. १९५८ मध्ये मुंबईस पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९५९ मध्ये अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ निघाली, १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. ‘आमचे आम्ही लिहू’ या १८८५ च्या पत्रातील निर्धाराला मिळालेली ही फळे आहेत.

आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’? १९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले. १८८२ ते १९७५, म्हणजे ९३ वर्षे ते जवळजवळ विस्मृतीत पडून होते. १९९४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला आणि आज ते विद्यापीठांतून अभ्यासले जाते. ज्या ग्रंथकारांना ताराबाईंनी जाब विचारला, त्यांच्या कादंबऱ्या आज बव्हंशी अभ्यासकच काय ते उघडतात. त्यांच्यावर रागावलेली वाचक मात्र नव्या वाचकांना मिळत राहिली आहे.

बेळगाव असो की इंदूर, पणजी असो की वडोदरा, आपल्या वाचनालयांच्या कपाटांतून आजही नवी पुस्तके येऊन पडतात आणि त्यांवर अभिप्राय मागितले जातात. ‘छान आहे’, ‘वाचनीय आहे’ असे दोन शब्द लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे असते. त्याने कोणी दुखावत नाही आणि कोणाचा फायदाही होत नाही. पुस्तक का आवडले नाही, त्यात कोण असावयास हवे होते आणि कोण नाही, हे कारण देऊन सांगणे कठीण असते. चिपळूणकरांचे उदाहरण सांगते, की तसे सांगताना स्वतःचे पारडे कोठे कललेले आहे हेही तपासून घ्यावे लागते. बुलढाण्याच्या एका स्त्रीने ९ आण्यांच्या पुस्तकात हे कठीण काम केले. तिला पटणारे पुस्तक तिच्या हयातीत तिच्या हाती पडले की नाही, कोण जाणे; पण मराठीत ते लिहिले जावे अशी मागणी तिने नोंदवून ठेवली होती.